सूनबाईंची परीक्षा आणि शनिवारचे व्हाउचर

आमच्या घरात सध्या परीक्षेचे वातावरण आहे. टीव्हीचा आवाज खाली, पाहुण्यांना 'पुढच्या महिन्यात या' असा निरोप, आणि रात्री साडेनऊनंतर जेवणाचे टेबल आरक्षित. परीक्षा नातवाची असेल असे तुम्हाला वाटेल. पण तो पाच वर्षांचा आहे आणि वेळेवर झोपतो. परीक्षा आहे त्याच्या आईची.

बाळंतपणात सूनबाईंनी नोकरी सोडली. आता परत कामाला लागायचे तर मुलाखतीतला पहिला प्रश्न ठरलेला, 'मधली पाच वर्षं काय केलंत?' त्यावर उत्तर म्हणून तिने कॉम्प्टिया या अमेरिकन संस्थेच्या 'सिक्युरिटी प्लस' परीक्षेला बसायचे ठरवले. संगणकांवरचे हल्ले ओळखायचे, अडवायचे आणि झालेच तर निस्तरायचे, हा विषय. ९० मिनिटे, जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि १०० ते ९०० अशा अजब पट्टीवर ७५० मिळाले की उत्तीर्ण. फी तिने स्वतःची मुदत ठेव मोडून भरली. मला विचारले असते तर 'ठेव मोडू नकोस' असेच मी म्हणालो असतो. म्हणून तिने विचारले नाही.

माझे काम प्रश्न वाचून दाखवण्याचे. छत्तीस वर्षे बँकेत काढली आणि पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे माणसे कशी फसवतात याची मला थोडी माहिती आहे, असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात तो गेला.

"बाबा, एका कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवरच्या फायलींची नावं डोळ्यांदेखत बदलतायत. पहिलं काय कराल?"

"मेन स्विच बंद!" मी बाणेदारपणे म्हणालो.

"चूक. आधी नेटवर्कची वायर काढायची. म्हणजे रोग शेजारी जात नाही. बंद केलात तर मेमरीतला पुरावाही गेला."

हा रोग म्हणजे रॅन्समवेअर. खंडणीखोर प्रोग्रॅम. तो तुमच्या फायली चोरून नेतो किंवा न नेतो, पण जागच्या जागी कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. कुलपाची युक्ती मला समजायला दोन रात्री लागल्या, आणि समजली ती आमच्या स्ट्राँगरूमवरून. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक हेडकॅशियरकडे. इथेही किल्ल्या दोन प्रकारच्या. एक झटपट चालणारी, तिने फायली बंद होतात. मग ती किल्लीच दुसऱ्या एका पेटीत टाकतात. ही पेटी लावता कोणालाही येते, उघडता मात्र एकालाच येते, आणि तो एक बसलेला असतो हजारो मैलांवर. सुरक्षिततेसाठी शोधलेले गणित चोराने आपल्याच दाराला लावले!

हा धंदा नवा नाही. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालाने जगभर गेल्या. वर लिहिले होते, एड्सविषयी माहिती. संगणक नव्वदच्या सुमारास वेळा सुरू झाला की फायलींची नावे विस्कटत आणि पडद्यावर १८९ डॉलरची मागणी येई. पैसे पाठवायचे पनामातल्या एका पोस्टबॉक्सवर. हे करणारा जोसेफ पॉप हा शिकलेला जीवशास्त्रज्ञ होता. त्याचे कुलूप कच्चे होते, जाणकारांनी ते उघडले. आजची उघडत नाहीत.

२७ जून २०१७ ची गोष्ट तर आपल्या दारातली. युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' नावाचा प्रोग्रॅम सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला. तिच्या समूहाकडे न्हावाशेवा बंदरातले एक टर्मिनल होते. तिथले काम ठप्प झाले. कुठे कीव्ह आणि कुठे उरण! नॉटपेट्या खंडणी मागत होता, पण पैसे दिले तरी फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्कला दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या जाळ्याची एक महत्त्वाची नोंदवही सगळीकडची पुसली गेली होती. वाचली फक्त घानातली. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेला माणूस मी, क्षणभर हात जोडले.

यावर उपाय म्हणून पुस्तकात ३-२-१ असे सूत्र आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. ते वाचून मी हसलो. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा दिवसाचे काम संपले की बॅकअपची टेप पिशवीत घालून शेजारच्या शाखेत ठेवायला मीच जात असे, आणि बायको म्हणे, 'तुमची ही कॅसेट ऐकायची तरी कधी?' फरक एवढाच की आजचा चोर आधी बॅकअप शोधून तो पुसतो आणि मगच कुलूप लावतो. त्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे, तो आत नुसता हिंडत असतो. कोणाचा पासवर्ड चालतो, कुठे काय ठेवले आहे, हे बघत.

म्हणून खरी परीक्षा आहे ती या हिंडण्याच्या दिवसांत त्याला ओळखण्याची. एक रीत जुनी. गुन्हेगाराचा फोटो भिंतीवर लावावा तशी माहीत असलेल्या विषाणूंची यादी ठेवायची. पण नव्या चोराचा फोटो नसतो. म्हणून दुसरी रीत, वागणूक पाहायची. कधी रात्री न येणारा कर्मचारी दोन वाजता लॉगिन करतो, हिशेबाच्या खात्यातले यंत्र अचानक शंभर यंत्रांशी बोलू लागते. अशी प्रत्येक विसंगती दिसली की घंटा वाजते. अडचण ही की घंटा दिवसातून शेकडो वेळा वाजते आणि बहुतेक वेळा फुकटच. ऐकणाऱ्याचा कान मरतो. परीक्षेत याला 'अलर्ट फटीग' म्हणतात.

हा शब्द वाचला आणि मी पुस्तक खाली ठेवले.

१९९४ साल. तालुक्याच्या गावी मी अधिकारी होतो. लेजरवर एक वयस्कर क्लार्क होते, अतिशय संशयी. महिन्यातून दहा वेळा व्हाउचर घेऊन यायचे, 'साहेब, हे जरा बघा.' दहाही वेळा काही निघायचे नाही. एका शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या गडबडीत, ते पुन्हा आले. तीन वर्षे निपचित पडलेल्या एका खात्यातून ४,८०० रुपये काढायचे होते. पाच हजारांच्या वर गेले असते तर दुसरी सही लागली असती.

"सही जुळते साहेब," ते म्हणाले, "पण हे खातं आजच का जागं झालं?"

"तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतो," मी म्हणालो आणि व्हाउचर पास केले. पुढे तशी आणखी सात निघाली. ऑडिटमध्ये पकडले तेव्हा कळले, चोर शेजारच्याच टेबलावरचा होता. मला लेखी समज मिळाली. लेजरवर त्या क्लार्कची आद्याक्षरे होती, त्यांची एक वेतनवाढ रोखली. ते माझ्याकडे आधी आले होते, हे चौकशीत मला कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. ते निवृत्त झाले, त्यांच्या निरोपसमारंभात मी भाषणही केले.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. सूनबाईंनी सगळे ऐकून घेतले. ती काही सांत्वन वगैरे करील असे वाटले होते, पण तिने विचारले, "त्यांनी आधीच्या दहा वेळा जे आणलं होतं, ते कुठे लिहून ठेवलं होतं का? तारीख, खातं, कारण?"

"नाही. तोंडी."

"लिहिलेलं असतं तर आठवड्याने कोणी ओळीने वाचलं असतं," ती म्हणाली. "एकेकटं बघितलं की काहीच दिसत नाही, बाबा. लॉग त्यासाठीच ठेवतात."

परीक्षा येत्या गुरुवारी आहे. तिने वहीच्या समासात काहीतरी लिहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "वाचा. एकशे बारावा."