गप्प बसणारा लाम (अलिफ ते या : हप्ता ९)

डावीकडच्या शेजाऱ्याचा हात न धरणारी सहा अक्षरं या आठवड्यात घेऊ, असं कबूल केलं होतं. अलिफ, दाल, जाल, रा, जा आणि वाव. ती थांबतील. इतकी शतकं ती हात मोकळे सोडून उभी आहेत, आणखी एक आठवडा उभं राहायला त्यांची हरकत नसावी. कारण साताऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवणं मला जमलं नाही.

हे गृहस्थ निवृत्तीनंतर मोडी शिकले आणि आता पेशवाईतले कागद वाचतात. त्यांनी विचारलंय : 'कागदांच्या शेवटी मुसलमानी महिने येतात. रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, जिल्काद, जिल्हेज. बारांपैकी या सहांच्या पोटात ल आहे. मोहरम, सफर, रजब, साबान, रमजान यांत नाही. सवालमध्ये आहे, पण तो शेवटी. हा मधला ल कुठून आला? की आमच्या कारकुनांनी जोडाक्षराच्या हौसेनं घातला?'

कारकुनांनी काही घातलेलं नाही, उलट त्यांनी फार चोख ऐकलं. पण उत्तर द्यायचं तर लामाची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी खरं तर बाराव्या हप्त्यासाठी राखून ठेवली होती.

'बैत' म्हणजे घर. कुठलंही, एक घर. 'ते घर', म्हणजे आपण दोघं ज्याबद्दल बोलतोय ते, असं म्हणायचं असेल तर अरबीत शब्दाच्या आधी 'अल्' लावतात : अल्-बैत. लिहिताना अलिफ, मग लाम, आणि लामाला चिकटून पुढचा शब्द. मराठीत याला स्वतंत्र शब्द नाही, संदर्भावरून आपलं भागतं, म्हणून सुरुवातीला हे 'अल्' प्रत्येक ठिकाणी विसरायला होतं. नंतर प्रत्येक ठिकाणी लावायला होतं. दोन्ही रोग आपोआप बरे होतात.

आता गंमत. हे 'अल्' लिहितात नेहमी सारखंच. वाचतात मात्र दोन तऱ्हांनी.

मला हे मस्कतमध्ये कळलं, तेही टॅक्सीत. रुवीत राहत होतो, एका कंपनीत हिशेब लिहीत होतो आणि नुकती अक्षरओळख झाल्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचा आजार जडला होता. विमानतळाकडे निघालो तर वाटेत 'अल्-खुवैर' आलं, वाचलं. 'अल्-गुब्रा' आलं, वाचलं. मग विमानतळ ज्या गावाजवळ आहे त्याची पाटी आली आणि मी ऐटीत म्हणालो, 'अल्-सीब.'

चालकानं आरशातून पाहिलं. 'अस्-सीब, सदीक.'

मी पुन्हा पाटीकडे बोट केलं. लाम होता. खुवैरच्या पाटीवर होता तसाच, तितकाच उंच. तो म्हणाला, 'लाम आहे ना. पण म्हणायचं अस्-सीब.' का, म्हटलं. त्यानं खांदे उडवले, दोनतीनदा 'अल्-सीब, अल्-सीब' असं तोंडात घोळवून पाहिलं, वाईट चवीचं काही खाल्ल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, 'जीभ तशी जातच नाही.'

पुढे या विषयावर व्याकरणाची बरीच पानं वाचली. त्यांतलं सार त्या एका वाक्यात आधीच आलेलं होतं.

ल म्हणताना तुमच्या जिभेचं टोक कुठे लागतं पाहा. वरच्या दातांच्या मागे, हिरडीला. आता 'अल्' म्हणून जीभ तिथेच ठेवा आणि पुढचा आवाज त्याच टोकानं, त्याच आसपास काढायचा आहे असं समजा : स, त, द, न, र. जीभ आधीच तिथे आहे. ल पुरा करून, उचलून, पुन्हा तिथेच आणायची कशाला? म्हणून ल पुढच्या आवाजात विरून जातो आणि तो आवाज दुप्पट होतो. अस्-सीब. अत्-तारीख. अद्-दुक्कान. अन्-नक्ल. पण पुढचा आवाज ओठांचा असेल किंवा घशाकडचा असेल, तर दोन वेगळे अवयव कामाला लागतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, आणि ल शाबूत राहतो. अल्-बैत, अल्-किताब, अल्-हिसाब, अल्-कलम. (हे शब्द मुद्दाम निवडलेत. तारीख, दुकान, नक्कल, किताब, हिशेब, कलम. फारसीच्या ओसरीवरून आपल्या घरात आलेले आहेत, पाठ करायची गरज नाही.)

अठ्ठावीस अक्षरांची यावरून बरोबर निम्मी वाटणी होते. ल गिळणारी चौदा : ता, तीन टिंबांचा सा, दाल, जाल, रा, जा, सीन, शीन, मग चार जाड अक्षरं साद, दाद, ता, जा, आणि लाम व नून. ल राखणारी चौदा : अलिफ (म्हणजे त्यावरचा हमजा), बा, जीम, जाड हा, खा, ऐन, गैन, फा, दोन्ही काफ, मीम, हलका हा, वाव, या. पहिल्यांना सूर्याक्षरं म्हणतात, दुसऱ्यांना चंद्राक्षरं. यात उजेडाचा काही संबंध नाही. सूर्याला 'शम्स' म्हणतात, तो शीनने सुरू होतो, म्हणून अश्-शम्स. चंद्राला 'कमर', म्हणून अल्-कमर. नमुन्याच्या शब्दावरून गटाचं नाव, जसा आपला क वरून कवर्ग. तेव्हा 'लैल' म्हणजे रात्र सूर्याच्या गोटात आणि 'फज्र' म्हणजे पहाट चंद्राच्या, याचं वाईट वाटून घेऊ नका. वारांमध्ये सूर्याक्षराचे फक्त दोन : अस्-सुलासा आणि अस्-सब्त. मंगळवार आणि शनिवार. आपल्याकडेही हेच दोन कडक.

मदरशांत ही चौदा चौदा अक्षरं घोकून घेतात, त्यासाठी खास जुळवलेली वाक्यं आहेत. मराठी माणसानं त्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण पहिलीत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य या क्रमानं वर्णमाला म्हटलेली असते. अक्षर समोर आलं की इतकंच विचारा : जिभेचं टोक वर लागतं का? लागलं तर सूर्य. दहातल्या नऊ वेळा उत्तर बरोबर येईल.

दहावी वेळ जीमची. ज म्हणताना जीभ वर लागते, शीन तर सूर्याक्षर आहे, मग ज का नाही? अल्-जवाब म्हणतात, अज्-जवाब नाही. कारण हा ज मुळात ज नव्हताच. फार पूर्वी तो ग होता, जिभेच्या मागच्या भागाचा. कैरोत आजही तो ग आहे : उंटाला इतर अरब 'जमल' म्हणतात, कैरोवाला 'गमल'. हिब्रूत त्याच जागी 'गिमेल' बसलंय. उच्चार पुढे सरकत दातांकडे आला, पण जुनं वागणं सुटलं नाही. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाचा हेल जसा जात नाही, तसं.

आवाजांचा असा विचार अरबांनी फार लवकर केला. आठव्या शतकात बसऱ्याला खलील इब्न अहमद नावाचा पंडित होता. त्यानं शब्दकोश रचायला घेतला तो अलिफ-बाच्या क्रमानं नव्हे, तर घशापासून ओठांपर्यंत. घशात सर्वांत खोल म्हणून ऐनपासून सुरुवात केली, म्हणून ग्रंथाचं नाव 'किताब अल्-ऐन'. त्याचा शिष्य सीबवैही, मूळचा इराणी, त्यानं अरबीचं पहिलं मोठं व्याकरण लिहिलं, जे नुसतं 'अल्-किताब' म्हणून ओळखलं जातं. घशाकडून ओठांकडे हा क्रम वाचला की आपल्याला लगेच क ते म आठवतं आणि हे ज्ञान इकडून तिकडे गेलं असं म्हणायचा मोह होतो. मलाही होतो. पण पुरावा हातात नसताना मोह आवरलेला बरा.

संस्कृतात हेच उलट्या दिशेनं चालतं. तत् आणि लीन मिळून तल्लीन. उत् आणि लेख मिळून उल्लेख. तिथे त नमतो आणि ल जिंकतो. अरबीत ल नमतो, त जिंकतो. दुसरा फरक मोठा आहे. आपण संधी झाला की कागदावरही बदल करतो, 'जगत्‌नाथ' लिहून 'जगन्नाथ' वाचत नाही. अरबीत लाम जागेवरून हलत नाही. उभा असतो, बोलत नाही. स्वरचिन्हं घातलेल्या छापील पानावर मात्र खूण सापडते : लाम बोलका असेल तर त्याच्या डोक्यावर सुकूनचं कडं असतं, गप्प असेल तर त्याचं डोकं उघडं आणि पुढच्या अक्षरावर शद्दा, तो करवतीच्या दात्यांसारखा. चौथ्या हप्त्यात शद्दा गिरवला तेव्हा 'याचं मोठं काम पुढे येईल' असं म्हटलं होतं, ते हेच.

आता नावांकडे. पालखेडला १७२८ मध्ये बाजीरावानं ज्याला कोंडीत पकडलं तो निजाम-उल्-मुल्क. प्लासीला १७५७ मध्ये हरला तो सिराज-उद्-दौला. शाळेत मला वाटायचं की 'उल' आणि 'उद' हे दोन वेगळे शब्द आहेत, एक हैदराबादकडचा आणि एक बंगालकडचा. एकच आहे. मुल्क मीमने सुरू होतो, चंद्राक्षर, ल राहिला. दौला दालने, सूर्याक्षर, ल गेला आणि द दुप्पट झाला. अलाउद्दीन, कुतुबुद्दीन, निजामुद्दीन ही सगळी दालची करणी.

आणि तो 'उ'? तो 'अल्'चा नाहीच. निजामु, सिराजु, अब्दु असा तो आधीच्या शब्दाच्या शेपटीचा आहे, कर्त्याची खूण म्हणून येणारा पेश, म्हणजे दम्मा. आधी स्वर आला की 'अल्'मधला अ आपणहून बाजूला होतो. अब्दु + अल्-करीम म्हणजे अब्दु-ल्-करीम. अब्दु + अल्-रहमान म्हणजे अब्दु-र्-रहमान. त्यामुळे 'अब्दुल' हे सुटं नाव होऊच शकत नाही. 'अब्द' म्हणजे सेवक, आणि अब्दुल म्हणजे 'त्या... चा सेवक', कोणाचा ते गाळून. हे कळायच्या आधी मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दीड वर्ष नुसतं अब्दुल म्हणत होतो. त्याचं नाव रहमानवालं होतं, म्हणजे त्या ल ला तर तिथे जागाही नव्हती. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोनं एकदा फोनवर सांगितलं, 'इथे अब्दुल कोणी राहत नाही.'

तर साताऱ्याचं पत्र. रबीअ + अल्-अव्वल, म्हणजे पहिला रबी : रबिलावल. रबीअ + अल्-आखिर, म्हणजे नंतरचा : रबिलाखर. जमादीचंही तसंच, जरी अरब स्वतः 'जुमादा-ल्-ऊला' म्हणतात. त्यांच्या दृष्टीनं जुमादा स्त्रीलिंगी आहे, फारसीतून येताना तिचं लिंग बदललं. जी + अल्-कअदा : जिल्काद. जी + अल्-हिज्जा : जिल्हेज. सहाही ठिकाणी 'अल्' आहे, आणि सहाही ठिकाणी पुढे हमजा, काफ नाहीतर हा. सगळी चंद्राक्षरं, म्हणून प्रत्येक वेळी ल ऐकू आला आणि कारकुनानं तो टिपला. तुमच्या कागदांत या तारखेआधी 'छ' असतो. छ म्हणजे चंद्र, चांद्र तिथीची खूण. चंद्रापुढे चंद्राक्षरं आली, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.

सवालचा ल तुम्ही बरोबर बाजूला ठेवलात. तो शब्दाचा स्वतःचा आहे, शव्वालमधला. आणि त्याच कागदांवर सुहूर सनाचे जे अरबी आकडे येतात, त्यांत अर्बा, सबा, तिस्सा यांच्या शेवटी आ आहे पण सलास, खमस यांच्या नाही, तो का, हे तुम्ही विचारलं नाहीत ते बरं झालं. तिथे ऐनचा मुक्काम आहे आणि ऐनला पुरा हप्ता लागेल.

त्याआधी एक काम सांगतो. रबिलाखरला दुसरंही नाव आहे : 'आखिर'च्या ऐवजी 'सानी', म्हणजे दुसरा. हा सा तीन टिंबांचा. एखाद्या उर्दू कॅलेंडरात तो महिना शोधून काढा आणि ल कुठे गेला ते पाहा. लाम लिहिलेला सापडेल, वाचायचं मात्र रबिउस्सानी. महिना तोच, पेशव्यांच्या कारकुनानं 'छ'पुढे लिहिलेला.

हात न धरणारी सहा अक्षरं पुढच्या आठवड्यात. दुसरं पत्र आलं नाही तर.