गूळ पोटात जातो, धूळ वायुकोशात

मांडीवर सूप. सुपात पाण्यात भिजवून मऊ केलेली, साच्याच्या मापाने कातरलेली तेंदूची पानं आणि कडेला तंबाखूचा ढीग. पानावर चिमूट पसरायची, बोटांनी वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हात थांबत नाही. मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहती पुढे आल्या. त्याआधीपासून सिन्नरमधल्या कितीतरी घरांची चूल या सुपावर पेटत आली आहे. विषय छातीचा निघाला की विडी वळणारी ही बाई सहज म्हणते, “आम्ही कुठं ओढतो? आम्ही तर नुसत्या वळतो.”

हा पहिला गैरसमज, आणि मला तो सगळ्यात जास्त सलतो. तंबाखूची धूळ श्वासावाटे आत जाते, निकोटिन तर बोटांच्या कातडीतूनही शिरतं. विडी न पेटवताही तंबाखू अंगात पोहोचतो.

दुसरा गैरसमज धुळीच्या आकाराचा. दारातून येणाऱ्या तिरप्या उन्हात सुपावर जी धूळ तरंगताना दिसते, तीच वाईट असं आपण धरून चालतो. पण १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकाघशातच अडकतात. त्याहून बारीक कण श्वासनळीच्या चिकट स्रावाला चिकटतात, आणि नळीच्या आतल्या केसासारख्या सूक्ष्म तंतूंच्या लाटा तो स्राव सतत वर घशाकडे ढकलत राहतात. निरोगी माणूसही हा स्राव दिवसभर नकळत गिळत असतो, म्हणून कफ म्हणजे आजारच असं नाही. खरी काळजी पाचेक मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि पदर किंवा रुमाल बांधल्यानं पुरेसे अडतही नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत जातात.

वायुकोशांत ते तंतू नाहीत, तिथला झाडू वेगळा. मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, वायुकोशाच्या भिंतीवरून सरपटत फिरतात आणि भेटेल तो कण, भेटेल तो जंतू गिळतात. अशा भक्षक पेशींची गोष्ट जगाला प्रथम सांगितली प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकोव यांनी. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.  

आता गुळाकडे येऊ. धुळीच्या कामावरून सुटलं की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, म्हणजे छातीतली धूळ निघून जाते, हा समज गिरणीपासून खडी क्रशरपर्यंत सगळीकडे आहे. गुळानं लाळ सुटते, घसा ओला होतो, बरं वाटतं. ते खोटं नाही. पण गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ बसलेली असते वायुकोशात. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राचा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत नेहमी सांगितला जातो. तो उंदरांवरचा. गूळ दिलेल्या उंदरांत कोळशाचे कण फुफ्फुसातून जवळच्या लसिकाग्रंथींकडे जास्त सरकलेले दिसले. म्हणजे कण फुफ्फुसातून हलले, शरीराबाहेर पडले असं नव्हे. तेवढ्यावर माणसाची छाती गुळानं साफ होते असं म्हणता येत नाही.

गुळाच्या भरवशावर राहण्याचा धोका दगडाच्या भुकटीत सगळ्यात मोठा. भुकटीतला सिलिका भक्षक पेशी गिळते, पण तिला तो पचत नाही. उलट पेशीच्या पोटातली पाचकरसांची पिशवीच फुटते आणि पेशी मरते. कण पुन्हा मोकळा. दुसरी पेशी येते, तोच कण गिळते, तीही मरते. प्रत्येक मरणाबरोबर सूज वाढते, आणि सुजेमागून फुफ्फुसात कठीण व्रण धरत जातात. हा सिलिकोसिस. काम सोडलं तरी तो वाढू शकतो. या लोकांना क्षय होण्याची शक्यताही बरीच जास्त, कारण क्षयाचा जंतू मुळात भक्षक पेशीच्याच आत ठाण मांडून राहतो. पाचकरसांची पिशवी आपल्यापर्यंत पोहोचूच नये, अशी व्यवस्था तो करतो.

मग काढे पिऊन इम्युनिटी वाढवली तर? ती जितकी जास्त तितकी चांगली, हे गृहीतच चुकीचं. दम्यात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती अकारण पेटून उठते. परागकण किंवा धुळीतल्या किड्यांसारख्या साध्या गोष्टींना शत्रू समजते. विडी ओढणाऱ्याच्या वायुकोशांत तर भक्षक पेशी न ओढणाऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त सापडतात, धुरानं तपकिरी झालेल्या. संख्या वाढूनही संरक्षण वाढलेलं नसतं. या भक्षक पेशींच्या हाकेला धावून आलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशींचे रस वायुकोशांच्या भिंतीच खातात. याच न्यूट्रोफिलमधल्या एका हिरव्या विकरामुळे बेडका हिरवट दिसतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक घेऊ नये.

विडी पानाची, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, हेही खरं नाही. तेंदूचं पान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातो.

“आता या वयात सोडून काय उपयोग?” असं म्हणणाऱ्या आजोबांना मात्र मी आवर्जून सांगते: उपयोग आहे. फाटलेले वायुकोश परत येत नाहीत. पण श्वासनळीतले तंतू पुन्हा कामाला लागतात. सुरुवातीचे काही आठवडे खोकला उलट वाढल्यासारखा वाटू शकतो. त्याला घाबरून पुन्हा विडी पेटवू नका.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात क्षयासाठी थुंकीची तपासणी मोफत होते. तिथे डॉक्टरांना विडी ओढता का एवढंच सांगून थांबू नका. किती वर्षं वळता, सूप कुठल्या खोलीत असतं, आधी खडीवर काम केलं होतं का, तेही सांगा.