पद्मिनीचे चाळीस घोडे

परभणीसारख्या गांवांत वकिलांच्या, डॉक्टरांच्या किंवा निवृत्त प्राध्यापकांच्या अंगणांत अजूनहि एखादी प्रीमिअर पद्मिनी उभी असलेली आढळते. घरच्या मंडळींचें तिच्यावर प्रेम असतें; पण ती जिंतुराकडच्या चढावर दमते, मे महिन्याच्या दुपारीं वाटेंतच बसकण मारते, आणि मागून येणाऱ्या नव्या गाड्या तिला सहज टाकून पुढें जातात. मग घरांतील तरुण चिरंजीव म्हणूं लागतात कीं हिची शक्ति थोडी वाढवून घ्यावी. वडिलांना हें पोरकट खूळ वाटतें. माझ्या मतें दोघांचेंहि थोडें थोडें बरोबर आहे. कसें तें आज पाहावयाचें आहे.

पद्मिनी ही मूळची इटलींतील फिआट कंपनीची ‘११००’ या जातीची मोटार. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून तिचा ‘डी’ हा प्रकार तयार होऊं लागला, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. शतक सरतांना तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील तिची शेवटची पिढी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. एंजिन चार नळकांड्यांचें, १०८९ घन सेंटिमीटरचें. शक्ति सुमारें ४० घोड्यांची. गाडीचें वजन ९०० किलोच्या आसपास.

आतां चिरंजीवांच्या पक्षाचा पुरावा असा. १९५३ सालीं याच आकाराचें एंजिन घातलेल्या दोन गाड्या फिआटनें बाजारांत आणल्या. साधी गाडी ३६ घोड्यांची होती. दुसरी, ‘तुरिस्मो वेलोचे’ म्हणजे वेगवान प्रवासी गाडी, सुमारें ५० घोड्यांची. एंजिन तितकेंच मोठें. फरक मुख्यतः नळकांड्यांत वायु अधिक दाबण्यांत व दोन गळ्यांचा कार्ब्युरेटर देण्यांत होता. म्हणजे या धातूंत आणखी आठ-दहा घोडे बांधतां येतात, हें खुद्द कारखानदारानेंच दाखवून ठेवलें आहे.

पण वडिलांचाहि प्रश्न रास्त आहे. ज्या गाडींत नवे घोडे बांधावयाचे, तिच्यांतील जुने चाळीस तरी जाग्यावर आहेत काय? तीस वर्षें चाललेल्या एंजिनांत बहुधा ते नसतात. व्हाल्व नीट बसत नाहींत, पॉइंट जळलेले असतात, हवेची चाळणी काळ्या मातीच्या धुळीनें बुजलेली असते, आणि मागचे ब्रेक किंचित् घासत राहून दोन-तीन घोडे तर निव्वळ खाऊन टाकतात. म्हणून पहिलें काम मोजमापाचें. चारी नळकांड्यांचा दाब मापकानें तपासून घ्यावा. चारींचे आंकडे एकमेकांच्या जवळ असतील तर पुढें जावें. एकाचा फार खालीं असेल तर शक्तिवर्धनाची भाषा सोडून व्हाल्व व रिंगा यांच्याकडे वळावें. पॉइंटच्या जागीं आतां इलेक्ट्रॉनिक पद्धतीची ठिणगी-योजना मिळते. ती डिस्ट्रिब्युटरच्या आंतच बसते, बाहेरून कांहीं दिसतहि नाहीं. खर्चाच्या मानानें इतका उपयुक्त फेरफार दुसरा नाहीं.

यानंतरचा आपल्याकडचा खरा शत्रु म्हणजे ऊन. हवा तापली कीं विरळ होते, आणि एंजिनला मिळणारा प्राणवायु तितका कमी होतो. २० अंश उष्णतेच्या हवेच्या मानानें ४३ अंशांची हवा सुमारें सात टक्के विरळ असते. परभणीच्या मे महिन्यांत हा आंकडा नवलाचा नाहीं. पण गोष्ट येथेंच थांबत नाहीं. कार्ब्युरेटर हवा ओढतो ती बॉनेटखालची, रेडिएटरवरून आलेली. ती सत्तर अंशांच्या जवळ गेली तर आणखी सात टक्के गेले. चाळीस घोड्यांपैकीं जवळजवळ सहा घोडे असे उन्हांतच विरघळले! म्हणून गाडीच्या तोंडापासून हवेच्या चाळणीपर्यंत एक साधी नळी घालून बाहेरची हवा आंत घ्यावी. पत्र्याचें काम करणारा कारागीर ती अर्ध्या दिवसांत बनवून देतो, आणि उन्हाळ्यांत गेलेल्यांपैकीं दोन-तीन घोडे ती परत आणते. मात्र नळीचें तोंड फार खालीं ठेवूं नये. पावसाळ्यांत ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असलें म्हणजे एंजिन हवेऐवजीं पाणी पिईल.

पेट्रोल-पंपावर ओलें फडकें ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची युक्ति पुष्कळांनीं पाहिली असेल. नळींत पेट्रोलची वाफ झाली म्हणजे गाडी थांबते. तें फडकें त्यावरचा उतारा. त्यापेक्षां पेट्रोलची नळी धुराच्या नळापासून दूर नेणें आणि दोहोंमध्यें पत्र्याचा पडदा घालणें बरें. रेडिएटरची जाळी साफ करून घ्यावी. आपल्या भागांतील विहिरीचें पाणी जड असतें. तें वर्षानुवर्षें ओतल्यानें आंत पुटें चढतात, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व शीतक द्रव हेंच वापरावें. थर्मोस्टॅट काढून टाकला कीं गाडी तापत नाहीं, हा मेस्त्रीलोकांचा आवडता सिद्धांत आहे. पण परभणीचा हिवाळाहि थोडाथोडका नव्हे. डिसेंबरच्या पहाटे थर्मोस्टॅटवांचूनचें एंजिन मैलोगणती थंडच राहतें, आणि थंड एंजिन फार झपाट्यानें झिजतें.

या गाडीचें हेड ॲल्युमिनिअमचें आहे. फार तापलें कीं तें वांकतें, मग गॅस्केट जातें, मग मेस्त्री हेड घासून सपाट करतो. त्याला तो फेसिंग म्हणतो. प्रत्येक घासणीबरोबर हेडांतील पोकळी लहान होते आणि दाब वाढतो. अर्थात् ज्या गाडीचें हेड दोन-तीनदां घासलें गेलें आहे, तिचा दाब मालकाच्या नकळत आधींच वाढलेला आहे. चढावर ती खटखट आवाज करूं लागते व सर्व दोष पेट्रोलच्या माथीं मारला जातो. तेव्हां दाब वाढविण्यासाठीं मुद्दाम हेड घासण्यापूर्वी त्याची जाडी मोजा.

पेट्रोलची गोष्ट निघालीच आहे तर तिचा विचार करूं. गेल्या दोन-तीन वर्षांत देशांतील बहुतेक पंपांवर वीस टक्के मद्यार्क मिसळलेलें पेट्रोल आलें. जायकवाडीच्या पाण्यावर पिकणाऱ्या ऊसापासूनहि हा मद्यार्क होतो, म्हणून मराठवाड्याला तो परका नाहीं. पण पद्मिनीला परका आहे. जुन्या रबराच्या नळ्या व पंपांतील पडदा त्यानें फुगतात, भेगाळतात. गळणारें पेट्रोल तापलेल्या एंजिनवर पडणें म्हणजे काय तें सांगावयास नको. हे सारे भाग मद्यार्क सोसणाऱ्या जातीचे बसवून घेणें ही चैन नव्हे. दुसरें असें कीं शुद्ध पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग लागतात, तर या मिश्रणाला सुमारें साडेतेराच पुरतात. जुन्या जेटांतून इंधन पूर्वीइतकेंच येत राहिलें तर तें कमी पडतें, आणि एंजिन अधिक तापतें. म्हणून मुख्य जेट किंचित् मोठा हवा. यांत एक लाभहि आहे: मद्यार्क खटखट रोखतो, त्यामुळें टायमिंग जरासें पुढें घेतां येतें.

मोठ्या भोंग्यासारख्या सायलेन्सरविषयीं मीं फारसें बोलत नाहीं. आवाज वाढतो, संथ गतींतील ओढ कमी होते, शेजारी रागावतात.

ब्रेकविषयीं मात्र बोललेंच पाहिजे. ताशीं ६० किलोमीटरऐवजीं ८० नें जाणारी गाडी थांबवावयाची तर जवळजवळ पावणेदोनपट शक्ति ब्रेकांना गिळावी लागते. पद्मिनीच्या चारी चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत, आणि ड्रम तापले कीं पकड सुटते. घरांतील चार माणसें ज्या गाडींत बसतात, तिला एक घोडा वाढविण्यापूर्वी नवीं अस्तरें, नवा ब्रेक-द्रव आणि त्याच मापाचे रेडिअल टायर द्यावे. काळी माती पावसांत फुगते, उन्हांत आकसते, आणि तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. अशा रस्त्यावर शॉक-अब्सॉर्बर दुबळे असले तर चाक जमिनीवर टिकतच नाहीं, मग ब्रेक कोणाला थांबविणार? दिव्यांनाहि रिले बसवून पुरी विद्युत् पोंचवावी. उसाच्या हंगामांत रात्रीं मागें दिवा नसलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर वाटेंत असतात.

राहतां राहिला कायदा. १९८८ च्या मोटार-वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखानदाराच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें कलम ठामपणें उचलून धरलें. ठिणगी-योजना, नळ्या, अस्तरें यांनीं नोंदणीपुस्तकांतील कांहीं बदलत नाहीं. दुसरें एंजिन किंवा दुसरें इंधन ही निराळी गोष्ट. त्याला पूर्वपरवानगी पाहिजे. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं गाडी तपासणीस न्यावी लागते, तेव्हां ‘एमएच २२’ च्या कचेरींत हा प्रश्न निघतोच. दोन गळ्यांच्या कार्ब्युरेटरासारखें कांहीं मनांत असेल तर आधीं लेखी विचारून घ्यावें.

एवढें सारें झाल्यावर संध्याकाळच्या गारव्यांत गाडी जिंतुराच्या चढावर न्यावी, वर पोंचतांच एंजिन बंद करावें, आणि तें निवल्यावर चारी प्लग काढून पाहावे. टोंक फिकें तपकिरी असेल तर काम साधलें. काजळी असेल तर इंधन जास्त आहे. पांढरेंफटक असेल तर मुख्य जेट आणखी एक क्रमांक मोठा घालून पुन्हां तोच चढ चढावा.