कर्जाची मर्यादा आणि बड्या ग्राहकाची उधारी

ठेवीदारांचा पैसा कोणत्या उद्योगाकडे जावा हे बँक ठरवते; त्यामुळे बँकेवर ज्या उद्योगसमूहाची पकड असते, त्याला स्वतःच्या भांडवलाच्या कितीतरी पट आर्थिक बळ लाभते. 1964 मध्ये नेमलेल्या, न्या. दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील मक्तेदारी चौकशी आयोगाला असे आढळले, की सरकारी कंपन्या व बँका वगळता उरलेल्या कंपन्यांची सुमारे 47 टक्के मालमत्ता अवघ्या 75 समूहांच्या हाती होती. 1967 च्या सुमारास बँककर्जांपैकी जवळपास 64 टक्के उद्योगांना आणि जेमतेम 2 टक्के शेतीला मिळत होते. बँकांच्या संचालक मंडळांवर उद्योगपतींचेच वजन असे, म्हणजे कर्ज देणारा आणि घेणारा पुष्कळदा एकाच घरचा असे.

19 जुलै 1969 रोजी, 50 कोटींहून अधिक ठेवी असलेल्या 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती, तशाच मद्रासच्या इंडियन बँक आणि इंडियन ओव्हरसीज बँक याही होत्या. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने प्रत्येक भागाच्या गरजेनुसार पतपुरवठ्याची आखणी करावी असे सुचवले आणि त्यातून अग्रणी बँक योजना उभी राहिली. मालकी बदलली, शाखा गावोगाव पोहोचल्या. पण आर्थिक सत्ता एकवटण्याची आणखी एक वाट आहे, लहान पुरवठादाराचे बिल थकवण्याची; तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही.

चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंगुडी येथे राजीव गांधी सालई या रस्त्यालगतच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारतींच्या शेजारीच लघुउद्योगांची जुनी औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीतील कारखानदार सहसा कॅश क्रेडिटवर, म्हणजे माल आणि येणी तारण ठेवून मिळणाऱ्या खेळत्या कर्जावर, काम चालवतो. दरमहा तो बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो आणि त्यावरून त्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल करण्याची मर्यादा, ठरते. समजा, एखाद्या बड्या कंपनीकडून 10 लाखांचे येणे आहे. 25 टक्के मार्जिन वजा जाता त्यावर साडेसात लाख उचलता येतात. परंतु सर्वसाधारणपणे 90 दिवसांहून जुने येणे बँक हिशेबात धरत नाही, त्यामुळे ग्राहकाने बिल थकवले की पैसाही येत नाही आणि कर्जाची मर्यादाही आक्रसते. तोवर त्या उधारीचे व्याज लहान कारखानदार भरतो आणि बडी कंपनी त्याच्या कर्जावर बिनव्याजी व्यापार करते. बँकेच्या वह्यांत हे लघुउद्योगाला दिलेले कर्ज म्हणूनच नोंदले जाते, ही यातील सर्वांत अन्यायाची बाब आहे.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, अन्यथा बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मात्र ज्याच्या ऑर्डरवर कारखाना चालतो त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याची हिंमत किती जण करतील? रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या ट्रेड्स या मंचावर खरेदीदाराने बिल मान्य केले की वित्तसंस्था ते वटवते, आणि पैसे बुडाले तरी पुरवठादाराला ते परत करावे लागत नाहीत. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणीची सक्ती आहे, बिल मान्य करण्याची नाही. ही दुसरी सक्तीही, ठरलेल्या मुदतीसह, सरकारने आता करायला हवी.