लेखांक ११ : व्हीलर यांची बुडालेली कंपनी

हम्फ्री खटल्यावर आज लिहायचं ठरलं होतं, पण तो एक आठवडा थांबेल. सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मनातून जाता जात नाही. ज्याने उमेदीची वर्षं केबल आणि मोबाइल कंपन्यांची बाजू मांडण्यात घालवली, त्यालाच अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या, अध्यक्षपदी बसवलं, तर तो निःपक्षपाती राहील कसा? रोख टॉम व्हीलर यांच्यावर आहे.

शंका रास्त आहे. व्हीलर आधी केबल कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख होते, नंतर मोबाइल कंपन्यांच्या. ओबामांच्या प्रचारासाठी त्यांनी निधीही जमवला होता. २०१३ मध्ये ते अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इंटरनेटच्या नियमांचा जो मसुदा आणला, त्यात जादा पैसे मोजणाऱ्या वेबसाइटला वेगवान वाट देण्याची मुभा होती. लोक खवळले. लाखोंनी हरकती आल्या.

केबल आणि मोबाइल संघटनांच्या या दोन नोकऱ्यांच्या मधली एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. ऐंशीच्या दशकात व्हीलर ‘नाबू’ नावाच्या कंपनीचे अध्यक्ष होते. ही कंपनी टीव्हीच्या केबलमधून घरच्या संगणकापर्यंत माहिती पोचवायची. वेग सेकंदाला दीड मेगाबिट, म्हणजे त्या काळात अचाटच! त्याच सुमारास स्टीव्ह केस साध्या टेलिफोनच्या तारेवरून, शेकडो पटींनी मंद वेगाने, पुढे ‘एओएल’ म्हणून गाजलेली सेवा उभी करत होते. एओएल वाढली, नाबू बुडाली. कारण केबल होती केबलवाल्याच्या मालकीची. त्याने हो म्हटलं तरच नाबूला ग्राहकाच्या घरात शिरता येई. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायला कुणाची परवानगी लागत नव्हती, कारण १९६८च्या कार्टरफोन निकालात एफसीसीनेच फोन कंपनीची ती अडवणूक मोडून काढली होती.

फेब्रुवारी २०१५ मध्ये, नव्या नियमावरच्या मतदानाच्या तीन आठवडे आधी, व्हीलर यांनी स्वतःच हा अनुभव लिहिला. २६ तारखेला तीन विरुद्ध दोन मतांनी इंटरनेटसेवा १९३४च्या दूरसंचार कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणाखाली आली. टेलिफोनला लागू असलेला, सगळ्यांना सारखी वागणूक देण्याचा दंडक तिलाही लागू झाला. ज्यांची बाजू आयुष्यभर मांडली त्याच कंपन्यांच्या विरोधात त्यांनी मत दिलं.

इथवर सांगून थांबलो, तर मी सोयीचं तेवढंच सांगितल्यासारखं होईल. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ओबामांनी एक व्हिडिओ काढून नेमकी हीच मागणी जाहीरपणे केली होती. तोवर व्हीलर मधल्या मार्गाचा विचार करत होते, त्यानंतर ते पूर्ण वळले. नाबूची आठवण खरी, आणि राष्ट्राध्यक्षांचा रेटाही खरा. निकाल मला पटला, आजही पटतो. ज्या वाटेने तो आला, ती मात्र पटत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या जोरावर झालेला नियम पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या माणसांना पुसायला सोपा जातो. झालंही तसंच. कोकणी आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले अजित पै ट्रम्प यांच्या काळात अध्यक्ष झाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्द झाला. मतं पुन्हा तीन विरुद्ध दोन. एप्रिल २०२४ मध्ये तो परत आणला, तेव्हाही तीन विरुद्ध दोनच. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो उडवला. आयोगात एका पक्षाचे तीनहून जास्त सदस्य नकोत, असं कायदा सांगतो. ही फूट जवळजवळ त्या तीनांच्या रेषेवरूनच पडत आली.

पत्रात आणखी एक ओळ आहे: राष्ट्राध्यक्षांचं ऐकलं नाही, तर ते सदस्याला घरी पाठवू शकतात का? एफसीसीच्या कायद्यात याबद्दल एक शब्दही नाही. उत्तरासाठी जावं लागतं १९३३ सालात. रूझवेल्ट यांनी व्यापार आयोगावरून हम्फ्री यांना काढलं, ते काही महिन्यांत वारले, आणि थकलेल्या पगारासाठी त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने सरकारवर दावा लावला. तो पुढच्या आठवड्यात, नक्की.