वेबसाईटचा बॅकअप : फाईल्स आणि डेटाबेस, दोन्ही हवेत

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. शाळेने ते रजिस्टर जपले, म्हणून आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. सांगलीत मात्र ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली आणि सांगली नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून नष्ट झाले. एकाच जागी ठेवलेला ठेवा एका संकटात जातो.

आज आपल्या परिषदांचे अहवाल, मोर्चांचे फोटो, ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखती वेबसाईटवर असतात. इंटरनेटवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असा आपला समज असतो. पण वेबसाईटही कुठल्यातरी इमारतीतल्या संगणकावरच असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअपही त्याच ठिकाणी होता, त्यांच्यापैकी अनेकांचे दोन्ही गेले.

आम्हीही एकदा चुकलो. आमच्या मंडळाची साईट बंद पडली तेव्हा फाईल्सची प्रत आमच्याकडे होती. ती परत चढवली, फोटो आले, पण एकही लेख दिसेना. कारण वर्डप्रेससारख्या साईटचे दोन भाग असतात. फोटो, पीडीएफ, थीम हे फाईल्समध्ये. लेखांचा मजकूर, तारखा, लेखकांची नावे हे डेटाबेसमध्ये. डेटाबेसची प्रत आम्ही कधी घेतलीच नव्हती.

म्हणून साथींनो, एवढे करा :

१. होस्टिंगच्या फाईल मॅनेजरमधून साईटचे संपूर्ण फोल्डर झिप करून उतरवून घ्या.

२. त्याच दिवशी पीएचपी-माय-अॅडमिनमध्ये डेटाबेस निवडून 'एक्स्पोर्ट' करा. मिळालेल्या एसक्यूएल फाईलच्या नावात तारीख घाला.

३. मूळ साईट धरून तीन प्रती ठेवा. साताऱ्याच्या साथींनी एक हार्ड डिस्क सांगलीत ठेवावी, सांगलीच्या साथींनी साताऱ्यात. तिसरी प्रत क्लाउडवर.

४. डेटाबेसमध्ये सदस्यांचे ईमेल असतात. ती फाईल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

५. सहा महिन्यांतून एकदा बॅकअपवरून दुसऱ्या संगणकावर साईट उभी करून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

रोज लेख टाकत असाल तर डेटाबेसची प्रत रोज, नाहीतर आठवड्याला घ्या. होस्टिंगचा पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख किमान दोघांना माहीत असू द्या. एका कार्यकर्त्याचा फोन हरवला म्हणून संघटनेची दहा वर्षे हरवू नयेत.

आपला इतिहास दुसरा कोणी जपून ठेवेल, या भरवशावर आपण राहू शकत नाही. येत्या रविवारी बैठकीला लॅपटॉप आणि हार्ड डिस्क घेऊन या, पहिली प्रत तिथेच घेऊ.

जय भीम!