अडून बसलेली फाइल कशी काढाल?

मैत्रिणींनो, घर हलवायचं म्हणजे काय काय आवरावं लागतं, हे वर्तकनगरच्या गृहिणींना वेगळं सांगायला नको. तिथल्या म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून कितीतरी घरांनी सामान बांधलं. माळ्यावरची भांडी, जुन्या गाद्या यांची वाट लावता येते. पण कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय? त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा थांबला. तेव्हा असे संच आता कुणाला तरी द्यायचे, नाहीतर भंगारात जायचे. त्याआधी आधार, पॅन, पासबुक, घराचा करारनामा यांच्या प्रती पुसायला बसावं, तर नेमकी एखादी फाइल अडून बसते. ‘ही फाइल वापरात आहे’ म्हणते!

अहो, जेवत्या माणसापुढचं ताट कुणी उचलतं का? तसंच हे. फाइल हट्टी नसते. कुठल्या तरी प्रोग्रॅमने ती धरून ठेवलेली असते. ती ओढू नका, सोडवा.

सगळ्या उघड्या खिडक्या बंद करा आणि कॉम्प्युटर ‘रिस्टार्ट’ करा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. चालू प्रोग्रॅमची यादी येईल. तुमच्या ओळखीचा जो प्रोग्रॅम ती फाइल वापरत असेल, त्यावर ‘एंड टास्क’ करा. अनोळखी नावांना मात्र हात लावू नका.

कधी कधी फोल्डरच्या पोटात फोल्डर करत गेल्याने फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आसपास पोचतो आणि विंडोज अडतं. बाहेरच्या फोल्डरांची नावं छोटी करा, फाइल निघेल. मुलाच्या किंवा यजमानांच्या खात्यातली फाइल असेल, तर ती त्यांच्याच खात्यातून काढा. आणि ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरमधलं काहीही काढू नका बरं का, कॉम्प्युटरच सुरू व्हायचा नाही.

‘फाइल काढून देतो’ म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅम कुठूनही उतरवून घेऊ नका. पडद्यावर झळकलेल्या नंबरला फोन करून परक्याच्या हाती कॉम्प्युटर तर मुळीच देऊ नका. पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

आता खरी गोम ऐका. पुसलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. तो डबा रिकामा केला तरी जुन्या हार्ड डिस्कवरचा मजकूर बरेचदा तसाच राहतो, फक्त ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. जाणकाराला तो परत काढता येतो. म्हणून हवे ते फोटो पेन ड्राइव्हवर घ्या, ते तिथून उघडतात ना पाहा, आणि मग सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. पुढे ‘क्लीन डेटा’ चालू करायला विसरू नका. वेळ लागतो, म्हणून रात्री चार्जर लावून ठेवा. संच सुरूच होत नसेल, तर दुकानातून हार्ड डिस्क काढून घ्या आणि मगच बाकीचं भंगारवाल्याला द्या. अडून बसलेली ती एक फाइलही त्याबरोबर गेली, हे वेगळं सांगायला नकोच!